डायपरकडून कापडी लंगोटांकडे : नव्याने सुरुवात करणाऱ्या पालकांसाठी

कापडी लंगोट सुरू करून पंधरवड्याच्या आत पुन्हा डायपरकडे वळलेले पालक मला वारंवार भेटतात. त्यांची तक्रार बहुधा दोनपैकी एक असते : लंगोट गळतो, नाहीतर त्याला वास येतो. त्यांचे लंगोट हातात घेऊन पाहिले की कापडात दोष क्वचितच आढळतो. गळण्याचे मूळ बहुतेक वेळा लंगोट बसवण्यात किंवा तो वेळेवर न बदलण्यात असते आणि वासाचे मूळ धुण्यात असते. म्हणून कोणता लंगोट विकत घ्यावा यापेक्षा तो कसा बसवावा आणि कसा धुवावा, याला मी या लेखात अधिक जागा दिली आहे. ही दोन कामे हाताला वळली की बाकीचे आपोआप जमत जाते.

आधी दोन्हींमधला फरक समजून घ्यावा

वापरून फेकायच्या डायपरच्या गाभ्यात लाकडाचा लगदा आणि सोडियम पॉलिअॅक्रिलेट या पॉलिमरचे बारीक कण असतात. हे कण स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट द्रव शोषून घेतात आणि त्याची जेली करून टाकतात, त्यामुळे बाळ त्यावर बसले किंवा पालथे झोपले तरी ओल सहसा बाहेर येत नाही. कापडात अशी जेली होत नाही. धागे आणि त्यांच्यामधल्या फटी जितकी ओल धरतील तितकीच धरतात, त्या भरल्या की पुढची शू बाहेर पडते, आणि ओले कापड जोरात दाबले गेले तर आधीची ओलही बाहेर येते.

या एका फरकातून रोजच्या सवयी ठरतात. कापडी लंगोट साधारण दर दोन ते तीन तासांनी बदलावा लागतो आणि शी झाली असेल तर लगेचच. तो डायपरपेक्षा जाड असतो, म्हणून विजार एक माप मोठी घ्यावी लागते. घट्ट विजार किंवा अंगाला आवळून बसणारा कपडा ओल्या लंगोटाला बाहेरून दाबतो, आणि पालकांना वाटते की लंगोटच कमी पडला. शिवाय ओल बाळाला जाणवते. काही बाळे लगेच कुरकुरतात आणि काहींना त्याचे काहीच वाटत नाही, त्यामुळे बाळ रडले नाही याचा अर्थ लंगोट कोरडा आहे असा घेऊ नये.

प्रकार किती आणि कोणते

नावे बरीच असली तरी प्रत्येक लंगोटात कामे दोनच असतात : एक थर ओल शोषतो आणि दुसरा ती बाहेर येऊ देत नाही. हे दोन थर एकत्र शिवलेले आहेत की वेगळे आहेत, यावरून प्रकार पडतात.

सर्वांत साधा म्हणजे मलमलीचा किंवा सुती कापडाचा चौकोनी लंगोट, जो घडी घालून बांधतात आणि त्यावर जलरोधक कव्हर चढवतात. तो पूर्ण उलगडतो, म्हणून उत्तम धुतला जातो आणि सगळ्यांत लवकर वाळतो. प्रीफोल्डमध्ये तेच कापड मध्यभागी जास्त थर देऊन आयताकृती शिवलेले असते, तेव्हा घडीची खटपट कमी होते. पॉकेट प्रकारात बाहेरून जलरोधक कापड, आतून मऊ अस्तर आणि दोघांच्या मध्ये खिसा असतो, ज्यात शोषक पॅड सरकवायचे असते. ऑल-इन-वनमध्ये सगळे थर एकत्र शिवलेले असतात. वापरायला तो डायपरइतकाच सोपा असतो, पण जाड शिवणीमुळे वाळायला फार वेळ घेतो.

माझा सल्ला असा की घरात वापरण्यासाठी प्रीफोल्ड किंवा चौकोनी लंगोट आणि त्यावर कव्हर घ्यावे, तर बाहेर जाताना आणि दुसऱ्या कोणाच्या हाती बाळ देताना आधीच पॅड भरून ठेवलेले पॉकेट लंगोट वापरावेत. कव्हर नुसते ओलसर झाले असेल तर पुसून, हवेवर ठेवून पुन्हा वापरता येते. शी लागली तर मात्र धुवायला टाकावे. ही कव्हरे आता बहुधा पीयूएलची, म्हणजे पॉलिएस्टरच्या कापडावर पॉलियुरेथेनचा पातळ थर बसवलेली असतात. त्यामागची कल्पना जुनी आहे. अमेरिकेतील मॅरियन डोनोव्हन यांनी 1940 च्या दशकात न्हाणीघराच्या पडद्याच्या कापडापासून असे कव्हर शिवायला सुरुवात केली आणि पुढे त्याला पिनांऐवजी टिचबटणे लावली. 1951 मध्ये त्यांना त्याचे पेटंट मिळाले.

बंद करण्यासाठी टिचबटणे असतात किंवा वेल्क्रो. वेल्क्रोने कमरेचे माप अगदी हवे तसे जुळवता येते, पण काही महिन्यांत त्यात तंतू अडकून पकड सैल होते आणि रांगायला लागलेले बाळ तो सहज ओढून काढते. टिचबटणे टिकाऊ असतात. अनेक लंगोटांच्या पुढच्या बाजूला टिचबटणांच्या आडव्या ओळी असतात, ज्यांनी लंगोटाची उंची कमीजास्त करून तो बाळाच्या वाढत्या अंगाला जुळवून घेता येतो. मात्र ‘सर्व वयांसाठी’ असे लिहिलेला लंगोटही अगदी लहान, तीन किलोच्या आसपासच्या नवजात बाळाच्या मांडीला बहुधा सैल पडतो. पहिल्या काही आठवड्यांसाठी चौकोनी मलमलच बरी.

कापडाबद्दल थोडक्यात सांगायचे तर सुती कापड विश्वासाचे, धुवायला सोपे आणि लवकर शोषणारे असते. बांबूचे म्हणून मिळणारे कापड बहुधा बांबूच्या लगद्यापासून बनवलेले व्हिस्कोज असते. ते सुतीपेक्षा जास्त ओल धरते, पण हळू वाळते. हेम्प, म्हणजे भांगवर्गीय झाडाच्या खोडाच्या तंतूंचे कापड, पातळ असूनही भरपूर ओल धरते. मात्र ती सावकाश शोषते, म्हणून त्यावर सुती थर हवा. मायक्रोफायबर झटकन शोषते, पण दाब पडताच सोडूनही देते, आणि ते थेट बाळाच्या कातडीला लागले तर कातडीतला ओलावाही ओढून तिला कोरडी, लालसर करते. ते वापरायचे असेल तर खिशात किंवा दुसऱ्या कापडाखालीच वापरावे.

किती घ्यावेत

नवजात बाळाला दिवसाकाठी दहा ते बारा लंगोट लागतात आणि काही महिन्यांनी हा आकडा सहा ते आठवर येतो. एक दिवसाआड धुतले आणि वाळायला एक दिवस धरला, तर रात्रंदिवस कापडच वापरणाऱ्या घराला काही महिन्यांच्या बाळासाठी वीस ते चोवीस लंगोट आणि, वेगळी कव्हरे असतील तर, सहा ते आठ कव्हरे पुरतात. पण हा आकडा पहिल्याच दिवशी गाठू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. प्रत्येक बाळाची मांडी, कंबर आणि शूची सवय निराळी असते. दोन प्रकारचे मिळून पाच-सहा लंगोट घ्यावेत, दोन-तीन आठवडे वापरावेत आणि आपल्या बाळाला काय बसते ते पाहूनच उरलेले घ्यावेत. दुसऱ्या घरातून वापरलेले लंगोट मिळाले तरी चालतात. फक्त इलॅस्टिक ताणून सोडल्यावर पूर्ववत होते का, आणि पीयूएलचा आतला थर कापडापासून सुटून त्याला फुगे आले आहेत का, हे उजेडात धरून पाहून घ्यावे.

नवे लंगोट आधी धुवावेत

नव्या सुती आणि हेम्पच्या कापडावर नैसर्गिक तेलाचा अंश असतो आणि तो निघेपर्यंत कापड पाणी नीट शोषत नाही. एका नव्या प्रीफोल्डवर चमचाभर पाणी टाकून पाहावे. पाण्याचे मणी होऊन ते वर घरंगळत राहते. तेच कापड चार-पाच वेळा साबणाच्या पावडरने धुऊन वाळवल्यावर तितकेच पाणी पडताक्षणी आत जिरते, आणि धाग्यांचा पोत फुलल्याने कापड हाताला जाड लागते. सुती आणि बांबूच्या कापडाला चार ते सहा धुण्या पुरतात, हेम्पला आठ-दहा लागू शकतात. मायक्रोफायबर, फ्लीस (म्हणजे मऊ, लवदार पॉलिएस्टरचे कापड) आणि कव्हरे एकदा धुतली की झाले. दोन-तीन धुण्यांनंतर वापर सुरू करायला हरकत नाही, फक्त तोवर लंगोट लवकर बदलावा. पहिल्याच दिवशी गळतीने वैतागलेल्या कितीतरी पालकांनी हीच पायरी गाळलेली असते.

बदल एकदम नव्हे, टप्प्याने

पहिल्या आठवड्यात दिवसातून एकच लंगोट कापडी ठेवावा आणि तोही सकाळच्या वेळी, घरात असताना, बाळाची झोप आणि शी झाल्यावर. या एका लंगोटात आपण घडी शिकतो, बाळाची शूची वेळ ओळखतो आणि धुण्याचा क्रम बसवतो. दुसऱ्या आठवड्यात जागेपणीचे सगळे लंगोट कापडी करावेत. ते जमले की दिवसाच्या झोपेला कापड वापरून पाहावे, त्यानंतर बाहेर जाताना, आणि सगळ्यांत शेवटी रात्री. घरात शिल्लक असलेले डायपर तोवर रात्रीसाठी आणि प्रवासासाठी उपयोगी पडतात. रात्रीसाठी डायपर कायमचाच ठेवायचे ठरवले तरी दिवसाचे सगळे लंगोट कापडी असणे ही मोठी गोष्ट आहे, आणि त्याबद्दल कोणी मनाला लावून घेऊ नये.

लंगोट बसवण्याची रीत

ही पायरी सावकाश शिकावी. बाळाला उताणे निजवून लंगोटाची मागची कड पाठीखाली, कमरेच्या वर येईल अशी सरकवावी. पुढचा भाग दोन्ही मांड्यांमधून वर घेताना तो मध्यभागी चिंचोळा करून घ्यावा. त्यासाठी अंगठा आणि तर्जनीने कापड दोन्ही बाजूंनी आत गोळा केले की पुरते. आता मांडीकडचे इलॅस्टिक बोटाने आत, जांघेच्या घडीत सारावे. चड्डीची कड जिथे असते तिथेच ते बसायला हवे. ते खाली मांडीवर राहिले तर बाळाने पाय हलवताच फट पडते. नवे पालक सर्वांत जास्त चुकतात ते इथेच.

मग पुढची कड बेंबीच्या खाली आणून दोन्ही पंख बंद करावेत. नाळ अजून गळून पडली नसेल तर पुढची कड बाहेरच्या बाजूने दुमडावी, म्हणजे नाळेला हवा लागेल आणि ओल लागणार नाही. मुलगा असेल तर शिश्न खालच्या दिशेला आहे ना हे पाहावे, नाहीतर शू थेट कमरेच्या कडेकडे जाते. कमरेशी दोन बोटे सहज आत जावीत, पण मांडीपाशी उजेड दिसेल अशी फट नसावी. शेवटी दोन्ही मांड्यांभोवती एक बोट फिरवावे. कव्हरच्या बाहेर सुती कापडाचा नखाएवढा कोपराही डोकावत असेल तर तो आत खोचावा, कारण दिव्याची वात जशी तेल वर ओढते तसा तो कोपरा आतली ओल बाहेरच्या कपड्यात आणून सोडतो.

लंगोट काढल्यावर मांडीवर इलॅस्टिकचा हलका वळ दिसला तर घाबरू नये. मोज्याचा जसा वळ उमटतो तसाच तो असतो आणि थोड्या वेळात नाहीसा होतो. तो खोल असेल, बराच वेळ राहत असेल किंवा कातडी सोललेली दिसली, तर टिचबटण एका घराने सैल करावे. मांड्यांमधल्या जाडीमुळे बाळाचे पाय थोडे फाकलेले राहतात. त्याने पायाला बाक येत नाही, कारण गुडघे वाकलेले आणि मांड्या बाहेर वळलेल्या ही तान्ह्या बाळाची सहज स्थितीच असते.

काढलेला लंगोट कुठे ठेवावा

पाण्यात भिजत ठेवू नये. भरलेली बादली रांगत्या मुलासाठी धोकादायक असते, साचलेल्या पाण्याचा दर्प घरभर पसरतो, आणि तासन्‌तास भिजल्याने इलॅस्टिक व पीयूएल लवकर खराब होतात. हवा खेळेल अशी जाळीदार टोपली किंवा उघड्या तोंडाची धुता येणारी पिशवी उत्तम. वास बंद झाकणाखाली जास्त साठतो, उघड्यावर कमी. हे अनेकांना खरे वाटत नाही, पण एकदा करून पाहावे.

शीबाबत वयानुसार फरक आहे. केवळ आईच्या दुधावर असलेल्या बाळाची शी पाण्यात विरघळते, त्यामुळे लंगोट वाहत्या थंड पाण्याखाली धरला तरी पुरते. पावडरच्या दुधावरची आणि वरचे अन्न सुरू झाल्यानंतरची शी मात्र धुण्यापूर्वी काढून शौचकूपात टाकावी. पातळ लायनर लंगोटात पसरून ठेवला तर हे काम फार सोपे होते. ‘फ्लश करता येतो’ असे लिहिलेला कागदी लायनरसुद्धा शौचकूपात टाकू नये, कारण त्याने नळी तुंबते. शी शौचकूपात झटकून लायनर कचऱ्यात टाकावा.

धुणे : या लेखाचा गाभा

काढलेला लंगोट दोन, फार तर तीन दिवसांच्या आत धुतला गेला पाहिजे. पॉकेटमधले पॅड आधीच काढून घ्यावेत, वेल्क्रोचे पंख त्यांच्या जागी चिकटवून बंद करावेत आणि घड्या उलगडाव्यात.

मशीनमध्ये धुताना क्रम असा असतो. प्रथम थंड किंवा कोमट पाण्याची एक छोटी धुलाई, थोडी पावडर घालून. हिने शू आणि शीचा अंश निघून जातो. सुरुवातीलाच कडक गरम पाणी घातले तर शीचे डाग पक्के बसतात. त्यानंतर मुख्य धुलाई, लंगोटावरच्या सूचनेत चालत असेल तर 60 अंश सेल्सिअसवर, नाहीतर 40 अंशांवर, आणि सर्वांत लांब चक्र निवडून. मशीन दोन तृतीयांश ते तीन चतुर्थांश भरलेले असावे. लंगोट कमी असतील तर टॉवेल, बाळाची झबली यांसारखे छोटे कपडे मुख्य धुलाईत घालावेत. कपडे एकमेकांवर घासले गेले तरच मळ सुटतो. अगदी रिकाम्या मशीनमध्ये ते नुसते पाण्यात तरंगतात आणि ठासून भरलेल्या मशीनमध्ये हलतच नाहीत.

पावडर किती घालावी, याबद्दल बराच गैरसमज आहे. बाळाची कातडी नाजूक म्हणून पालक चिमूटभर पावडर घालतात, आणि तेवढ्याने लंगोट स्वच्छ होत नाही. हा घरातला सर्वांत मळकट कपडा आहे. पाकिटावर खूप मळलेल्या कपड्यांसाठी जे प्रमाण दिले असेल तेच मुख्य धुलाईत घालावे. पाणी जड, म्हणजे क्षार असलेले असेल तर प्रमाण आणखी वाढवावे लागते, कारण पावडरचा काही भाग त्या क्षारांशीच खर्ची पडतो. मग शेवटी एक-दोन वेळा जास्तीचे विसळून घ्यावे. कपडे मऊ आणि सुगंधी करणारे द्रव मात्र लंगोटाला कधीच लावू नये. त्याचा थर धाग्यांवर बसतो आणि कापड पाणी शोषेनासे होते. वडीसाबण वापरला तर त्याचाही अंश, विशेषतः जड पाण्यात, धाग्यांत साचतो.

हाताने धुणाऱ्यांनी आधी थंड पाण्यात लंगोट दोनदा खळबळून पिळून काढावेत. मग हाताला सोसेल इतक्या गरम पाण्यात पावडर विरघळवून त्यात ते अर्धा तास ठेवावेत, चांगले चोळावेत, आणि पिळल्यावर निघणारे पाणी स्वच्छ व फेसरहित होईपर्यंत विसळत राहावे. कव्हरे वेगळी धुवावीत आणि पिळू नयेत. पीळ दिल्याने पॉलियुरेथेनचा थर सुटतो.

नीट धुतला गेला की नाही, हे नाकाने ओळखावे. ओला लंगोट नाकाशी धरल्यावर काहीच वास येता कामा नये, अत्तराचा नको आणि शूचाही नको. डाग राहिला असेल तर त्याची काळजी करू नये. डाग म्हणजे घाण नव्हे, आणि ओला लंगोट काही तास उन्हात ठेवला की बहुतेक पिवळे डाग फिकट होतात.

वाळवणे

पॅड आणि चौकोनी लंगोट भर उन्हात घालावेत, कव्हरे मात्र सावलीत. ओला लंगोट इलॅस्टिकला टांगू नये, त्याचा सगळा भार इलॅस्टिकवर पडतो. दोरीवर मधोमध आडवा टाकावा. वाळलेले सुती कापड कडक झाले तर हाताने मळून घ्यावे. जाड शिवणी आतून ओलसर राहिल्या तर कुबट वास येतो, म्हणून घडी घालण्यापूर्वी शिवण बोटांत दाबून पाहावी.

मशीनमध्ये वाळवण्याचा मोह शक्यतो टाळावा. पर्यावरणासाठी कापड वापरतो असे म्हणणाऱ्यांनी तर हे विशेष लक्षात ठेवावे. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेने 2008 मध्ये डायपर आणि कापडी लंगोट यांची जी तुलना प्रसिद्ध केली, तिच्यात कापडाचा पर्यावरणावरील भार मुख्यतः पालक तो कसा धुतात आणि वाळवतात यावर अवलंबून असल्याचे दिसले होते. मशीन पुरेसे भरणे, लंगोट दोरीवर वाळवणे आणि तेच दुसऱ्या बाळालाही वापरणे, यांनी तो भार बराच उतरतो.

गळू लागला तर

‘लंगोट गळतो’ एवढ्यावर थांबू नये, कुठून गळतो आणि किती वेळाने गळतो ते पाहावे. लंगोट काढल्याबरोबर तो पिळून पाहावा. पॅड चिंब भिजलेले असेल तर शोषक थर कमी पडला आहे. अशा वेळी एक जादा पॅड घालावे किंवा लवकर बदलावे. पॅडचा पुढचा भाग ओला आणि मागचा कोरडा असेल तर पॅड पुढे दुमडून जिथे शू होते तिथे जाडी वाढवावी. पॅड जवळजवळ कोरडे असूनही मांडीशी ओल आली असेल तर इलॅस्टिक जांघेत बसलेले नाही. सगळे ठीक असूनही शू पॅडवरून घरंगळत असेल, तर त्या वाळलेल्या पॅडवर पुन्हा चमचाभर पाणी टाकून पाहावे. पाण्याचे मणी झाले तर कापडावर मऊ करणाऱ्या द्रवाचा, साबणाचा किंवा मलमाचा थर बसला आहे. तो गरम पाणी आणि पुरेशी पावडर यांनी दोन-तीनदा धुऊन काढावा.

वास येऊ लागला तर

कपाटातल्या स्वच्छ, वाळलेल्या लंगोटाला काहीच वास नसतो, पण बाळाने एकदा शू केली की डोळ्यांत पाणी येईल असा उग्र दर्प सुटतो. ही अमोनियाची खूण आहे. शूमध्ये युरिया असतो आणि जिवाणू त्याचे अमोनियात रूपांतर करतात. धुतल्यावरही धाग्यांत शू आणि जिवाणू उरले असतील तर ही क्रिया फार झपाट्याने होते. रात्रभर अंगावर राहिलेल्या लंगोटाला सकाळी थोडा वास येणे स्वाभाविक आहे. दिवसाच्या दोन तासांच्या लंगोटालाही तसाच दर्प येत असेल तर धुणे अपुरे पडते आहे असे समजावे. पावडरचे प्रमाण, पाण्याचे तापमान आणि मशीनमधली कपड्यांची संख्या, या तीन गोष्टी या क्रमाने तपासाव्यात. रात्रीचा लंगोट सकाळी लगेच पाण्याखाली धरून पिळून ठेवला तरी बराच फरक पडतो.

ब्लीचचा उपयोग अगदी क्वचित, उत्पादकाची सूचना अनुमती देत असेल तरच आणि दिलेल्या प्रमाणातच करावा. शूने भिजलेल्या लंगोटावर ते थेट ओतू नये, आणि व्हिनेगर किंवा कोणत्याही आम्लाबरोबर तर मुळीच मिसळू नये. दोन्ही वेळा विषारी वायू निर्माण होतात.

पुरळ आणि कातडीची काळजी

कातडी लाल होते ती ओल, घर्षण आणि शीतल्या पाचक रसांच्या स्पर्शामुळे, आणि अमोनियामुळे कातडीची आम्लता कमी झाली की हे रस अधिक झोंबतात. म्हणून पहिला उपाय म्हणजे लंगोट लवकर बदलणे, दुसरा म्हणजे दिवसातून काही वेळ बाळाला उघडे ठेवणे. ओल सहन न होणाऱ्या बाळासाठी वरती फ्लीसचा पातळ थर ठेवावा. तो शू खाली जाऊ देतो आणि स्वतः बऱ्यापैकी कोरडा राहतो.

झिंक ऑक्साइडचे किंवा पेट्रोलियम जेलीसारखे दाट मलम लावायचे असेल तर लंगोटावर लायनर अंथरावा, नाहीतर त्याचा थर कापडावर बसतो. जांघेच्या घड्यांतही पसरलेली गडद लाली आणि तिच्या कडेने छोटे सुटे पुटकुळ्यांसारखे ठिपके दिसले तर ते बुरशीचे लक्षण असू शकते. दोन-तीन दिवसांत कमी न होणारे पुरळ, फोड, पू किंवा ताप असेल तर घरगुती उपाय थांबवून बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. बुरशीवर उपचार सुरू असताना लंगोट 60 अंशांवर धुवावेत, किंवा तेवढे दिवस डायपर वापरावेत.

रात्र, प्रवास आणि पाळणाघर

रात्रीसाठी वेगळा लंगोट तयार ठेवावा : वर सुती किंवा बांबूचे पॅड, त्याखाली हेम्पचे, आणि बाहेरून एक माप सैल, घट्ट न आवळणारे कव्हर. झोपण्याच्या अगदी आधी तो बदलावा. रात्री शी झाली तर बाळाला उठवावे लागले तरी बदलावाच.

बाहेर जाताना तीन-चार तयार लंगोट आणि दोन कप्प्यांची जलरोधक पिशवी घ्यावी, एका कप्प्यात कोरडे आणि दुसऱ्यात ओले. पाळणाघरातल्या ताईंना किंवा बाळाला सांभाळणाऱ्या आजीला तोंडी समजावण्याऐवजी एकदा समोर बसून लंगोट बसवून दाखवावा, मग त्यांच्याकडून बसवून घ्यावा आणि जांघेतल्या इलॅस्टिकवर स्वतः बोट फिरवून पाहावे. त्यांना शी काढायला किंवा धुवायला सांगू नये. लंगोट गुंडाळून पिशवीत टाकला की त्यांचे काम संपले, एवढेच ठरवावे.

बाळ लंगोटातून बाहेर पडले की सगळे लंगोट एकदा नीट धुऊन, दोन-तीनदा विसळून, शिवणींसकट खडखडीत वाळवावेत. सैल पडलेले इलॅस्टिक उसवून नवे घालता येते, बहुतेक शिवणीत त्यासाठी बोगदा असतोच. मग टिचबटणे उघडी ठेवून, इलॅस्टिकवर ताण येणार नाही अशा बेताने, ते हवा जाईल अशा सुती पिशवीत भरून कोरड्या जागी ठेवावेत. प्लास्टिकच्या पिशवीत राहिलेली किंचित ओलही वर्षभरात कापडावर बुरशीचे काळे ठिपके पाडते, आणि ते ठिपके मात्र उन्हानेही जात नाहीत.